हलव्याला काटा का येत नाही, आणि बोरन्हाणाचे दागिने घरी कसे करावेत

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी तो आधी थोडक्यात सांगते. तुम्ही इंदूरला नव्याने आला आहात. धाकटा चौदा महिन्यांचा, त्याचं हे पहिलं बोरन्हाण. थोरलीला डिसेंबरअखेर शाळेची सुट्टी, तेव्हा तिला हाताशी घेऊन हलवा घरी करायचा आणि त्याचेच दागिने गुंफायचे असं तुमच्या मनात आहे. दोनदा करून पाहिलंत. पहिल्या खेपेला नॉनस्टिक पॅनमध्ये तीळ कोरडेच राहिले आणि साखरेचा भुगा झाला. दुसऱ्या खेपेला पाक पातळ ठेवून त्यात लिंबू पिळलंत, तर सगळ्याचा चिकट गोळा झाला. तीन तास बसूनही काटा आला नाही. आता तुम्ही विचारताय की पाकाचं अचूक प्रमाण कोणतं, आणि नाहीच जमलं तर सरळ विकत आणावा का.

प्रमाण सांगतेच. पण खरी अडचण प्रमाणात कमी आणि त्या ‘तीन तासां’त जास्त आहे. हलवा एका बैठकीत होत नाही. माझ्याकडे त्याला सहा दिवस लागतात, रोज दुपारी साधारण सव्वा तास. मी २७ वर्षं इथे इंदुरातच हलवा करते आहे. लग्नानंतर रामबागेतल्या घरी सासूबाईंच्या शेजारी बसून शिकले. त्या कोळशाच्या शेगडीवर कल्हईची परात ठेवून करायच्या, मी गॅसवर करते. साधन बदललं, दिवस मात्र तेवढेच लागतात. घाई केली की तुमच्यासारखंच होतं, मग भुगा तरी होतो नाहीतर गोळा तरी.

काटा येतो कसा, हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप सुचतं. साखर आणि तिच्या निम्मं पाणी, एवढाच पाक. २० अंश तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळून राहते, त्याहून जास्त मावत नाही. उकळत्या पाण्यात मात्र ४८० ग्रॅमच्याही वर मावते. म्हणजे दुप्पट साखरेचा हा पाक आपल्या जानेवारीतल्या खोलीत गार झाला की अगदी काठावर असतो. त्यातलं थोडं जरी पाणी उडालं तरी साखर बाहेर यायला बघते. परातीतल्या कोमट दाण्याला असा पाक पुसटसा लागला की पाणी उडतं आणि साखरेचे बारीक कण दाण्यावर बसतात. दाणा कुठेच अगदी गोल नसतो. जिथे किंचित उंचवटा असतो तो भाग परातीच्या ओल्या तळाला आधी टेकतो, तिथे पाक आधी लागतो, तिथेच साखर आधी धरते. उंचवटा आणखी उंच होतो, पुढच्या वेळी तोच पुन्हा आधी टेकतो. काटा म्हणजे हाच उंचवटा, शेकडो वेळा वाढलेला. जपानात ‘कोन्पेइतो’ नावाची अशीच काटेरी साखरेची गोळी करतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून तिथे गेलेली ती कला, आणि ते कारागीरही एकेका घाण्याला आठवडा ते दोन आठवडे देतात.

आता तुमचे दोन्ही प्रयत्न यावर घासून पाहा. भुगा झाला, कारण पाक जास्त आटला होता किंवा आच मोठी होती. साखर दाण्यावर बसण्याआधी परातीतच सुकली. त्यात नॉनस्टिकवर पाक पसरत नाही, त्याचे थेंब थेंब राहतात. ज्या दाण्याला थेंब मिळाला तो भिजतो, शेजारचे दहा कोरडे राहतात. दुसऱ्या वेळचा गोळा लिंबामुळे. आंबटपणाने साखरेचं विघटन होतं, तिचे जे घटक सुटतात ते साखरेला कण धरू देत नाहीत आणि हवेतलं पाणी ओढून घेतात. लाडूच्या पाकात किंवा जिलेबीच्या पाकात आपण लिंबू घालतो ते कण धरू नयेत म्हणूनच. इथे तर आपल्याला कणच हवे आहेत. हलव्याच्या पाकात लिंबू घालू नका. मळी काढायची असेल तर उकळी आल्यावर चमचाभर दूध घाला, मळी वर येईल, ती झाऱ्याने काढा आणि पाक स्वच्छ धुतलेल्या मलमलीतून गाळून घ्या.

माझं प्रमाण असं. तीळ दोन मोठे चमचे, पॉलिश न केलेले पण निवडून घेतलेले. साखर सहा दिवसांची मिळून अर्धा किलो. एवढ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा हलवा होतो. रोज ८० ते १०० ग्रॅम साखर आणि तिच्या निम्मं पाणी घेऊन ताजा पाक करायचा, कालचा उरलेला वापरायचा नाही. तार बघायची ती अशी की अंगठा आणि तर्जनीत पाक घेऊन बोटं उघडली तर तार यावी आणि लगेच तुटावी. मिठाईवाले ज्याला ‘एक तार की चाशनी’ म्हणतात, त्याच्या अगदी अलीकडे थांबायचं. तार न तुटता लांब ओढली गेली तर पाक पुढे गेला, चमचाभर पाणी घालून परत एक उकळी द्यायची. पाक कोमट झाल्यावरच वापरायचा.

परात पितळेची कल्हई केलेली असेल तर उत्तम. नसेल तर बर्तन बाजारात धावू नका, घरातली जाड स्टीलची परात चालते, फक्त ती सरळ ज्योतीवर न ठेवता लोखंडी तव्यावर ठेवा. तवा दोन मिनिटं तापवायचा, मग गॅस अगदी बारीक. परातीत सगळी बोटं टेकवून आरामात फिरवता आली पाहिजेत. चटका बसत असेल तर साखरेलाही बसतो आहे असं समजा. काही जणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवतात, मला ते पटत नाही. खालून सतत वाफ येते आणि आपण तर कोरडेपणाच्या मागे आहोत.

आता प्रत्यक्ष काम. तीळ परातीत कोमट करा. चहाच्या चमच्याचा पाव भाग पाक मधोमध टाका आणि उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी हलके गोल फिरवत राहा, तळवा टेकवू नका. पाक पडताक्षणी दाणे जड होतात, बोटाखाली ओल्या वाळूसारखे सरकतात आणि परातीतून आवाज जवळजवळ येत नाही. मिनिटभराने सरसर सुरू होते. आणखी थोड्या वेळाने कोरडी, स्वच्छ खडखड ऐकू येते, स्टीलच्या ताटात मोहरी सांडावी तशी. ती खडखड ऐकू येईपर्यंत दुसरा थेंब टाकायचा नाही. सासूबाईंचे डोळे शेवटी अधू झाले होते, तरी त्या नुसत्या आवाजावर हलवा करायच्या. पुढचा पाक कधी टाकायचा हे मीही आजतागायत कानानेच ठरवते. म्हणून हे काम करताना मी टीव्ही लावत नाही. थोरलीला सांगा, ‘खडखड झाली की मला सांग.’ नऊ-दहा वर्षांच्या मुलीला हे काम छान जमतं, आणि गरम पाकापासून ती लांबही राहते.

दहा-बारा वेळा पाक दिला की चाळणीतून चाळून सुटी साखर काढा. ती उद्याच्या पाकात घाला, पण परातीत ठेवू नका. सुटी साखर राहिली की नवा पाक तिलाच धरतो आणि दाणे तसेच राहतात. सव्वा तास झाला की थांबा. दाणे कोरड्या ताटात पसरून वर मलमल टाका, रात्रभर तसेच राहू द्या. या विश्रांतीत आतली ओल बाहेर येते. ती न जाता वर दुसऱ्या दिवसाचे थर चढले की दाणा आतून मऊ राहतो आणि दोरा ओढताना फुटतो.

पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढुरके दिसतील. दुसऱ्या दिवशी बारीक खरखर लागेल. बहुतेक जणी इथे निराश होतात, तुम्हीही झालात. तिसऱ्या दिवशी दुपारी उजेडात तिरपं धरून बघा, पुटकुळ्या दिसतील. चौथ्या दिवसापासून काटा दिसायला लागतो आणि मग तो रोज वाढतो. तेव्हापासून पाक किंचित घट्ट घ्यायचा आणि हात आणखी हलका करायचा, नाहीतर आपल्याच बोटांनी टोकं झिजतात. शेवटच्या दोन दिवशी मी बोटं वापरतच नाही, परात दोन्ही हातांनी धरून झुलवते.

साबुदाणा वापरू का, असंही तुम्ही विचारलंत. मोठे मणी हवे असतील तर जरूर वापरा. आधी कोरडा गरम करून घ्या, फुलू देऊ नका. खसखशीचा हलवा सर्वांत नाजूक आणि देखणा, पण पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. लवंगेवर मात्र थोडा करून ठेवा, वीस-पंचवीस दाणे पुरेत. लवंगेला मान असते, तिथे दोरा पक्का बसतो, लोंबत्या डुलांसाठी त्यासारखं दुसरं काही नाही. रंग घालायचा तर शेवटच्या दिवशीच्या चार-पाच चमच्यांत केशर घाला. मी बहुतेक पांढराच ठेवते, काळ्या झबल्यावर तोच उठून दिसतो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगते. सगळ्यांत मोठी गोष्ट हवा. माळव्यात डिसेंबर-जानेवारीची दुपार कोरडी असते, म्हणून हे काम इथे मुंबईपेक्षा सोपं जातं. सकाळी धुकं असेल तर वाट पाहा. मी दोन ते साडेतीन ही वेळ धरते, स्वयंपाकघरातली कुकरची वाफ तोवर विरलेली असते. पण मावठा, म्हणजे हिवाळ्यातला अवेळी पाऊस, झाला की सगळं थांबवायचं. एका वर्षी पाच दिवसांचा सुरेख काटा आलेला हलवा मी परातीत उघडा ठेवला, रात्री पाऊस झाला आणि ढग तीन दिवस हटले नाहीत. दिलेल्या शब्दासाठी मी तशाच हवेत सहावा दिवस उरकायला बसले. दाण्यांना घाम सुटला, टोकं विरघळून बोथट झाली आणि पाच दिवसांचं काम दोन तासांत गेलं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की हलवा कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकण, आणि काम बंद. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर दाण्यांवर दव धरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्याकडचा वेळ. चौदा महिन्यांचं मूल घरात असताना सलग सहा दुपारी मिळतीलच असं नाही. त्याची काळजी नको. मध्ये दोन दिवस खंड पडला तरी हलवा बिघडत नाही, बरणीत थांबतो. आणि बोरन्हाण संक्रांतीलाच झालं पाहिजे असंही नाही, रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं. हा दिलासा फार मोठा आहे, तो वापरा. नाताळच्या सुट्टीत हलवा, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात दागिने, असा बेत ठेवलात तर १४ जानेवारीला तुम्ही दमलेल्या नसाल.

विकतच्याबद्दल. सियागंजात किंवा कुठल्याही किराण्यात मिळणारा इलायचीदाना हलव्याच्या जागी वापरून पाहण्याचा मोह होईल. तो गुळगुळीत असतो, आणि हलव्याचा दाणा आपण टोचत नाही, दोऱ्याच्या फासात धरतो. काळ्या सुती दोऱ्याचा छोटा फास करायचा, दाणा त्यात बसवायचा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढायची. दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत रुततो आणि तिथेच राहतो. गुळगुळीत दाण्यावरून तो घसरतो, म्हणजे काटा नुसता शोभेचा नाही, त्याच्यावरच सगळा दागिना तोललेला असतो. महाराष्ट्रातून कुणी येणार असेल तर काटेरी तयार हलवा मागवा, त्यात कमीपणा काही नाही. निम्मा घरचा, निम्मा आणलेला, असंही मी बऱ्याच जणींना सुचवते. तुमची मुलगी आठवणीत ठेवणार आहे ती परातीची खडखड, त्यासाठी दोन चमचे तीळ पुरतात.

दागिन्यांत बाळासाठी मुकुट, हार, दोन बाजूबंद, दोन मनगट्या, कंबरपट्टा आणि बासरी, एवढं पुरे. पाया म्हणून जुन्या लग्नपत्रिका घ्या, त्यांचा पुठ्ठा जाड तरी वाकणारा असतो. वर काळा किंवा सोनेरी कागद, तो खजुरी बाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. आधी पेन्सिलीने नक्षी काढा आणि तिच्यावर हलवा नुसता मांडून बघा, किती दाणे लागतात ते कळतं. हलवा संपत आल्यावर अर्धा मुकुट रिकामा राहिला की फार वाईट वाटतं. चिकटवायला मी मैद्याची घट्ट खळ वापरते, कारण बाळ हे तोंडात घालणारच. खळीत पाणी असतं, ते साखर विरघळवतं, तेव्हा खळ पुठ्ठ्यावर पातळ लावून पाच-सात मिनिटं थांबायचं, बोटाला चिकट लागली पण ओली लागेनाशी झाली की दाणे ठेवायचे. फेविकॉल लावलात तरी तोही पाण्याचाच, थांबावं तेवढंच लागतं.

गुंफण्याचं काम रात्री, जेवणं झाल्यावर. आमच्याकडे त्या आठवड्यात बैठकीच्या खोलीत सतरंजी असते, मधोमध पांढरं ताट, ताटात हलवा, आणि फारसं कुणी बोलत नाही. हाराला दर पाच दाण्यांनंतर एक काळा मणी घाला, मोजायला सोपं आणि ताणही वाटला जातो. कंबरपट्ट्याला दोऱ्याऐवजी रिबीन लावा.

आणि आता एक गोष्ट जी मी प्रत्येक आईला सांगते. चौदा महिन्यांच्या बाळाच्या घशात हलव्याचा दाणा, लवंग, शेंगदाणा, हरभरा, बोराची बी, काहीही अडकू शकतं. त्यामुळे त्याच्या दागिन्यांत लवंगेचे डूल लावू नका, ते तुमच्या किंवा मुलीच्या सेटला ठेवा. हाराला मागे घट्ट गाठ मारायची नाही, ओढला की सुटेल अशी रिबिनीची सैल सुरगाठ मारा. दागिने घालायचे, औक्षण करायचं, फोटो काढायचे आणि दहा मिनिटांत उतरवायचे. डोक्यावरून ओतायला चुरमुरे जास्त आणि बोरं मोजकीच, तीही लहान. उसाचे करवे नकोत, डोक्याला लागतात. खाली बसलेल्या मोठ्या मुलांना लुटू द्या, पण बाळाच्या हाताशी काय पडलंय याकडे एका माणसाचं पूर्ण लक्ष पाहिजे. आमच्या घरी हे काम नेहमी आजोबांकडे असतं, फोटो दुसरं कुणीतरी काढतं.

तयार दागिने मिठाईच्या सपाट खोक्यात बटर पेपर घालून ठेवा, ते खोकं मोठ्या हवाबंद डब्यात. मुंग्या इथल्या थंडीतही येतात, खोकं उघड्यावर एक रात्र राहिलं तरी पुरतं.

पाक चुकतोय असं वाटलं तर या तीन खुणांवरून ओळखा. चाळणीखाली भुगा मूठभर पडत असेल तर पाक पुढे गेलाय किंवा आच जास्त आहे. दाणे दोन-दोन, तीन-तीन चिकटत असतील तर एका वेळी पाक जास्त पडतोय, ते लगेच बोटांनी सोडवा, सुकल्यावर सुटत नाहीत. दाणे सुटे आहेत, भुगाही नाही, तरी गुळगुळीतच राहिलेत, तर बोटांचा दाब जास्त आहे.

उद्या दुपारी दोन चमचे तीळ आणि ८० ग्रॅम साखर घेऊन बसा. तिसऱ्या दिवशी खिडकीशी दाणा तिरपा धरून काय दिसतं ते इथेच लिहा, शक्य झालं तर फोटोही टाका. बघून पुढचं सांगते.